तारीख पडते, म्हणून वाडा पडत नाही

पुण्याच्या पेठांत आज जे थोडेफार जुने वाडे उभे आहेत ते कोणाच्या कृपेने, याबद्दल शहरात बरेच गैरसमज आहेत. कोणी महापालिकेच्या हेरिटेज यादीला श्रेय देतं, कोणी वास्तुविशारदांच्या तळमळीला. रविवारी सकाळी पाण्याची बाटली घेऊन हेरिटेज वॉकला निघालेली मंडळी तर ते मनातल्या मनात स्वतःकडेच घेतात. खरं सांगायचं तर या वाड्यांचं जतन शिवाजीनगरच्या कोर्टाने केलं आहे. दगडी जोतं, सागवानी तुळया, पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती हे सगळं नावाला. वाडा धरून ठेवलाय तो ‘मालक विरुद्ध भाडेकरू’ या दाव्याने.

हे जतनकार्य चालतं कसं, ते बघण्यासारखं आहे. १९४७ साली मुंबई इलाख्यात भाडे नियंत्रणाचा कायदा आला आणि १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं ठरलं. पुढे इलाखा गेला, राज्य आलं, आणे-पै गेले, पण भाडं काही १९४० मधून बाहेर यायला तयार होईना. १९९९ च्या नव्या कायद्याने मालकाला वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. दोन खणी जागेचं भाडं १२ रुपये असेल तर ४ टक्के म्हणजे ४८ पैसे. या घसघशीत उत्पन्नातून मालकाने छपराची कौलं बदलावीत, तुळईची वाळवी काढावी आणि उरलेल्या पैशांत पेशवाईचं वैभव सांभाळावं, अशी समाजाची माफक अपेक्षा असते.

मालक कौलं बदलत नाही. कौलं गळतात म्हणून भाडेकरू भाडं हातात न देता कोर्टात भरतो. भाडं कोर्टात भरतो म्हणून मालक नळ तोडतो. नळ तोडला म्हणून दुसरा दावा. मालक जातो, भाडेकरू जातो, दावा मात्र राहतो. दोन्हीकडच्या वारसांची नावं लागतात आणि पुढची पिढी त्याच बाकावर येऊन बसते. दरम्यान मालकाच्या चुलतभावांपैकी एकजण न्यू जर्सीला गेलेला असतो. त्याचं कुलमुखत्यारपत्र आल्याशिवाय पान हलत नाही, आणि तो ते पाठवत नाही, कारण कोणे एके वर्षी घरच्या गणपतीत त्याला आरतीचं तबक धरू दिलं नव्हतं. अशा एकेका तबकाने एकेक वाडा वाचवला आहे. युनेस्कोला हे कधी कळायचं!

कोणाला ही अतिशयोक्ती वाटत असेल तर त्याने भिडेवाडा बघून यावा. म्हणजे तो आता बघता येणार नाही, पण जागा बघावी. बुधवार पेठ, दगडूशेठ गणपतीच्या समोर. १ जानेवारी १८४८ रोजी जोतिराव आणि सावित्रीबाईंनी जिथे मुलींची शाळा काढली, तो हा वाडा. तिथे राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलं. त्यामागून भूसंपादन आलं, मोबदला आला आणि अर्थातच कोर्ट आलं. दावा चालू होता तोवर वाडा उभा होता. मोडकळीला आलेला, पोटात दुकानं घेतलेला, पण उभा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एका रात्रीत, पोलीस बंदोबस्तात वाडा भुईसपाट झाला. पावणेदोनशे पावसाळ्यांना जे जमलं नव्हतं ते एका निकालाने करून दाखवलं. वाडा धोकादायक होता, हे खरं. स्मारक व्हायलाच हवं, हेही खरं. पण ज्या भिंतींत ती शाळा भरली त्यांची आठवण जपायची म्हणून आधी भिंतीच पाडायच्या, हे गणित सोडवावं तर आमच्या गावानेच.

शनिवारवाड्याची गोष्ट आणखी मजेची. १७३२ साली वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. उरला तो तट, दरवाजे आणि आतली जोती. त्याचं रक्षण केंद्र सरकार करतं आणि कडक करतं. २०१० च्या सुधारित कायद्याप्रमाणे अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, आणि त्याच्या पुढे आणखी २०० मीटर परवानगीचा फेरा. आता शनिवार आणि कसबा पेठेत या १०० मीटरमध्ये काही चाफ्याची बाग नाही. तिथे वाडे आहेत, वाड्यांत बिऱ्हाडं आहेत, बिऱ्हाडांत म्हातारी माणसं आहेत. त्यांना जुनं उतरवून नवं बांधता येत नाही, आणि डागडुजीचा अर्ज करावा तर परवानगी येण्याआधी पावसाळा येतो. थोडक्यात, जो वाडा जळून दोनशे वर्षं होत आली त्याला धक्का लागू नये म्हणून जे वाडे माणसांसकट उभे आहेत त्यांनी आपापल्या जागी निमूटपणे खचायचं. तिथले एक आजोबा म्हणाले, “पेशवे सुटले हो, आम्ही अडकलो.”

दाव्याच्या खालोखाल वाडा वाचवते ती कचेरी. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा आज ताठ उभा आहे, कारण पेशवाई बुडाल्यावर त्यात पाठशाळा शिरली, पुढे टपाल कचेरी आणि सरकारी दप्तरं शिरली. सरकारी कपाट एकदा भिंतीला टेकलं की ती भिंत पाडायची कोणाची छाती होत नाही.

महापालिकाही स्वस्थ बसलेली नाही. तिच्याकडे दोन हत्यारं आहेत. एक हेरिटेजची श्रेणी आणि दुसरं कलम २६४ ची नोटीस. एरवी आपल्या घरात कोणी पहिल्या श्रेणीत आलं की लोक पेढे वाटतात, पण वाडा पहिल्या श्रेणीत आल्याचं कळलं की मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. मग यादीतून नाव काढून घेण्यासाठी खेटे सुरू होतात. कलम २६४ चं उलटं आहे. ‘सदर इमारत धोकादायक झाली असून ती तात्काळ रिकामी करावी’ अशी नोटीस दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी दिंडीदरवाज्यावर डकवतात. जुनी काढायची पद्धत नाही. एका वाड्याचा दरवाजा मी जवळून पाहिला. खालची फळी वाळवीने पोखरून बोट आत जाईल अशी झाली होती, वरचं सागवान चिरफाळलं होतं, पण नोटिसांचा पुठ्ठा असा घट्ट बसला होता की त्यानेच दोन्ही फळ्या सांधल्या होत्या. एका हाताने ‘जपा’ आणि दुसऱ्या हाताने ‘पाडा’ म्हणणारं खातं मालकाला भेटतं ते मात्र एकाच खिडकीवर, आणि ती खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद असते.

त्याच वाड्यात एकदा हेरिटेज वॉकची मंडळी शिरली. चौकात उभं राहून गाईडने समजावलं की हे सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, ही वरची केळफुलं, ही महिरप, ही तक्तपोशी. सगळ्यांनी माना वर केल्या, फोन वर केले. ओसरीवर एक काकू तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “फुलं बघा, हरकत नाही. फक्त त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय देऊ नका.” एका तरुणाने विचारलं, “काकू, केवढं भाग्य तुमचं, अशा वास्तूत राहता!” काकूंनी चौकापलीकडच्या पत्र्याच्या दोन दारांकडे बोट दाखवलं. “सगळ्या वाड्याला मिळून ते दोन. पावसात छत्री घेऊन जावं लागतं, आणि रात्री कोणाला तरी उठवून न्यावं लागतं. येता का आठ दिवस राहायला?” तरुणाने तक्तपोशीचा आणखी एक फोटो काढला.

लग्नाआधीचे फोटो काढायला येणारी जोडपी वेगळीच. त्यांच्यातल्या एका फोटोवाल्याने काकूंना दोरीवरची पातळं काढायला सांगितली, फ्रेममध्ये येत होती म्हणून. काकू म्हणाल्या, “वाळली की काढीन. तोवर लग्न पुढे ढकला.”

या सगळ्या भानगडीत मी काकूंच्या बाजूचा आहे, हे इथेच सांगून टाकतो. वाड्याबद्दल गळा काढणाऱ्यांत वाड्यात राहणारा माणूस क्वचितच सापडतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्यात विरघळावे तसे बसले आणि माणसं सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगरला गेली. तिथे गेल्यावर त्यांना वाड्याची खरी आठवण येऊ लागली. चौकातलं चांदणं, माजघरातला गारवा, दिवाळीच्या पहाटे पेटलेला बंब. हे सगळं होतंच, खोटं नाही. पण वाड्यावर चांगला ललित लेख लिहायचा तर आधी घरातल्या घरात संडास असावा लागतो.

तर असा हा वाडा दाव्याच्या आधाराने शांतपणे उभा असतो, आणि एक दिवस अनर्थ होतो. तडजोड होते. बिल्डर नावाचा गृहस्थ येतो आणि दोन-तीन पिढ्यांना जे सुचलं नाही ते तो एका बैठकीत सुचवतो. भाडेकरूंना लिफ्टसह फ्लॅट, मालकाला वरचा मजला आणि रोख, आणि न्यू जर्सीच्या भावाला व्हिडिओ कॉलवर आरतीचं तबक. सह्या होतात. ज्यांनी उभ्या जन्मात एकमेकांच्या दारात पाऊल टाकलं नाही ते एका पेढ्याच्या बॉक्समध्ये हात घालतात. पुढच्याच आठवड्यात कौलं उतरतात. खांब, तुळया, दारं आधी वजनावर ठरतात. त्यांतली बरी असतील ती मुळशीकडच्या कोणाच्या फार्महाऊसला जातात, मध्यम असतील ती हॉटेलात आणि उरलेली जुन्या बाजारात. पांढरी माती डंपरने जाते. सोन्याचा हंडा सापडतो का म्हणून शेजारपाजारचे लोक शेवटपर्यंत उभे असतात. सापडते ती एक गंजलेली अडकित्त्याची पाती.

नवी इमारत उभी राहते तिचं नाव ‘अमुकवाडा रेसिडेन्सी’. तळमजल्यावर पार्किंग, दर्शनी भिंतीवर फायबरची महिरप, आणि सोसायटीच्या नियमावलीत मोकळ्या जागेत मुलांनी खेळू नये असं कलम. मालकाचा मुलगा सुट्टीला शहराबाहेरच्या रिसॉर्टवर जातो. तिथे एका रात्रीचे काही हजार मोजून तो नव्याने बांधलेल्या वाड्यात राहतो, पितळी तांब्याने अंघोळ करतो, चौकात बसून पिठलं-भाकरी खातो. टेकलेल्या खांबावर त्याला केळफूल दिसतं. “आमच्या वाड्यातही अगदी असंच होतं,” तो बायकोला सांगतो. तेच असतं ते.

म्हणून या सदरातर्फे महापालिकेला एक नम्र योजना सादर करतो. हेरिटेज समित्या, अहवाल, निळ्या पाट्या यांवरचा खर्च ताबडतोब थांबवावा. त्याऐवजी प्रत्येक पडेल वाड्यामागे एक याप्रमाणे दावे दाखल होतील एवढं बघावं. भाडेकरू उरले नसतील तिथे भावांत वाटणीचा दावा, भाऊ एकुलता असेल तिथे शेजाऱ्याशी सामाईक भिंतीचा, आणि तेही नसेल तर गच्चीवरच्या मोबाइलच्या टॉवरवरून. वकिलांची फी ‘दुरुस्ती व देखभाल’ या शीर्षाखाली टाकता येईल. लेखापरीक्षणात कोणी हरकत घेतली तर त्यावरही दावा लावता येईल. वाड्याला टेकू देणारा कंत्राटदार तीन पावसाळ्यांची हमी देत नाही. दिवाणी दावा मात्र विनातक्रार तीस-चाळीस वर्षं वाडा पेलतो.

प्रश्न उरतो तडजोडीचा. तो धोका कायम राहणार. त्यासाठी दर पेठेला एक ‘वारसा काका’ नेमावा, मानधनावर. उमेदवार साठीच्या पुढचा, शक्यतो दूरचा नातेवाईक, आणि दोन्ही पक्षांच्या लग्नामुंजींना हजर राहिलेला हवा. पेढ्याचा बॉक्स उघडण्याआधी त्याने तिथे पोचायचं, चहा घ्यायचा आणि दोघांनाही ऐकू जाईल अशा बेताने एवढंच म्हणायचं, “तुमचं तुम्ही ठरवलंत, छानच झालं. पण थोरल्याला वरचा मजला आणि तुम्हाला रस्त्याकडचा, हे ठरवलं कोणी?”