सगळ्या वायरी लाल

डिझेल इंजिनाला विजेची कदर नसते. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबली जाते की नुसत्या दाबानंच ती रसरसून तापते. त्यात डिझेलचा फवारा पडला की भडका आपोआप. प्लग नको, ठिणगी नको. बंद करायचं तर स्टॉपची दांडी ओढून डिझेल तोडायचं. चावी खिशात घालून निघून गेलात तरी जुना ट्रॅक्टर आपला धडधडत राहतो. त्यामुळे त्याच्या वायरिंगकडे कुणी वर्षानुवर्षं बघत नाही, आणि वस्तीवर चांगला उतार असेल तर कधीच बघत नाही.

आमच्याकडे उतार उत्तम होता. अण्णा ट्रॅक्टर त्यावरच लावत आणि उतारावर सोडून सुरू करत. बॅटरीच्या पेटीत पाने, ग्रीसगन आणि तंबाखूची पुडी सुखानं नांदत होती. ट्रॅक्टर म्हणजे बी-२७५. मूळ ब्रिटिश वाण. इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि महिंद्र यांनी १९६३ मध्ये एकत्र येऊन तो इथं रुजवला.

पण उसाचा हंगाम तोंडावर आला. रात्री डांबरीवरून भरलेल्या ट्रॉल्या कारखान्याला न्यायच्या म्हणजे पुढं हेडलाइट आणि मागं लाल दिवा हवाच. पुतण्याला मडगार्डवर स्पीकरही हवे होते. त्याच्या मते दिव्यांची गरज त्यानंतरची.

मिस्त्रींनी बोनेट उघडलं आणि घराण्याचा इतिहास बाहेर पडला. काळ्या टेपखाली कापडी टेप, तिच्याखाली सायकलची ट्यूब. हॉर्नची वायर जुन्या इस्त्रीची होती. मागच्या दिव्यापर्यंत विहिरीवरच्या मोटारीची उरलेली केबल गेली होती, तीही उंदरांनी मध्येच आपल्या सोयीनं छाटलेली. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती.

"आपल्या घरात सिगारेट कोण ओढतंय?" आईनं विचारलं. अण्णांना गोठ्यात तातडीचं काम निघालं.

मी रात्र जागवून नकाशा काढला होता. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक रंगाला काम नेमून दिलेलं असतं. बॅटरीतून थेट येणारी वायर तपकिरी, चावीनंतरची पांढरी, हेडलाइटची निळी, मागच्या दिव्याची लाल, अर्थची काळी. मिस्त्रींनी नकाशा आदरानं बघितला, घडी घालून सीटखाली सारला आणि लाल वायरचं बंडल काढलं.

"सगळ्या लालच?"

"विजेला रंग दिसत नाही, मालक."

"पण पुढं बिघाड झाला तर दुसऱ्या माणसाला कळणार कसं?"

"दुसरा कशाला? मीच येणार की."

यावर मला उत्तर सुचलं नाही. धंद्याचं इतकं स्वच्छ शास्त्र मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

हाताला मात्र माणूस पक्का. ४५ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर ओढतात, हे मी कागदावर सिद्ध करेपर्यंत त्यांनी वायरला बोट लावून "गरम होत नाही, चालंल" असा निकाल दिला होता. सेल्फची केबल मात्र अंगठ्याएवढी जाड घेतली, कारण सेल्फ घटकाभरात शेकडो अँपिअर पितो. अर्थच्या जागी रंग आणि गंज खरवडून लोखंड चकचकीत केलं. दिवे मिणमिणतात ते बहुतेक वेळा तिथल्याच घाणीमुळं. कटआउटही नवा बसवला. तो नसता तर इंजिन थांबल्यावर बॅटरी उलट डायनॅमोलाच मोटारीसारखी फिरवायला गेली असती.

डायनॅमो मात्र रुसलेला. इतकी वर्षं रिकामा बसल्यानं त्याच्या लोखंडातलं उरलंसुरलं चुंबकत्व गेलं होतं, आणि त्याशिवाय तो वीज करायला सुरुवातच करत नाही. मिस्त्रींनी त्याच्या फील्डच्या टोकाला बॅटरीची वायर क्षणभर टेकवली. चर्रर्र झालं. "आठवण करून दिली," ते म्हणाले. इंजिन सुरू करून थ्रॉटल ओढला आणि अँपिअर मीटरचा काटा चक्क अधिकाकडं झुकला. दिवे लागले, हॉर्न वाजला, कोंबड्या माळावर गेल्या. पुतण्यानं स्पीकर लावताच शेजारच्या वस्तीवरून चौकशी आली की लग्न कुणाचं.

पैसे घेऊन निघताना मिस्त्रींनी अण्णांच्या हातात जादा फ्यूजची पुडी ठेवली.

"आणि हे बी संपले तर?" अण्णांनी सवयीनं विचारलं.

"तर मिस्त्रींना फोन करायचा," आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "पाकिटं हुडकत बसायचं नाही."