जिम करा, ताकद टाळा : चाळिशीपुढच्या भगिनींसाठी

१. आधी डॉक्टरीणबाईंना भेटा. त्या सांगतील की तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू झडतात, पाळी गेली की इस्ट्रोजेन उतरतं, हाडं विरळ होतात, तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी वजनं उचला. मान डोलवा. घरी येऊन ‘चालायला सांगितलंय’ एवढंच जाहीर करा.

२. लेडीज बॅच घ्या. वर्षाची फी एकदम भरा, म्हणजे दुसऱ्या महिन्यापासून न जायला मोकळ्या.

३. डंबेल गुलाबीच घ्या, एक किलोचं. शोधावं लागणार नाही. ट्रेनर स्वतःहून हातात ठेवेल. “मॅडम, हेवी नको, बॉडी होईल.” विश्वास ठेवा. तो बिचारा वर्षानुवर्षं डब्यामागून डबे पावडर रिचवतोय, तरी टी-शर्टची बाही सैलच. पण तुमचे दंड महिन्याभरात पैलवानासारखे होणार, याची त्याला खात्री आहे. बायकांत टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने नगण्य असतं, हे बोलून त्याचं मन दुखवू नका.

शिवाय तुम्हाला वजनाची सवय कुठाय? सकाळी भरलेला सिलिंडर (१४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड) बुडाच्या कडेवर फिरवत ओट्याखाली लोटलात, ते घरकाम. गिरणीतून दहा किलोचं दळण तिसऱ्या मजल्यावर चढवलंत, तेही घरकामच. व्यायाम म्हणजे आरशासमोर करतात तो.

४. वजन वाढवू नका. थोडं थोडं वाढवत नेलं तरच स्नायू वाढतो, हे वजनं उचलण्याचं मर्म. म्हणून संक्रांतीला एक किलो, दिवाळीलाही एक किलो. हात भरून आला की लगेच थांबा आणि शेजारणीकडे भिशीचा विषय काढा.

५. स्क्वॉट रॅककडे फिरकू नका. तिथे मुलं फोटो काढत असतात.

६. आहार. साठ किलोच्या बाईने व्यायाम सुरू केला तर दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रोटीन हवं. दडपण घेऊ नका. सगळ्यांची पानं झाल्यावर बसा. पातेल्याच्या तळाशी वरण उरलेलं असतंच. ऐनवेळी पाहुणे आले म्हणून त्यात वाढवलेलं पाणीही तुमचंच. अंड्यात सहा ग्रॅम असतं, ते मुलाला द्या, त्याची परीक्षा आहे. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी बिनधास्त खा, मात्र दाण्याचं कूट जपून. त्यातून प्रोटीन शिरतं.

७. रोज काट्यावर उभ्या राहा. कंबर सैल होतेय पण काटा ढिम्म, असं दिसलं तर स्नायू धरताहेत. ताबडतोब ट्रेनरला गाठा, तो ट्रेडमिलची वीस मिनिटं वाढवून देईल.

एवढी काळजी घेऊनही एखाद्या दिवशी लोणच्याच्या बरणीचं झाकण एका हिसड्यात निघालं, तर इकडेतिकडे बघा, पुन्हा घट्ट लावा आणि ‘अहो’ म्हणून हाक मारा.