दर्यासारंग, बी विंग, भूगाव

मुळशीचं पाणी समुद्राला मिळतं, पण सरळ वाटेनं नाही. मुळा नदी निघाली होती पूर्वेला, पुण्याच्या दिशेनं. टाटांनी तिला धरणात अडवलं, सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याला उतरवलं, १९२७ पासून तिच्याकडून वीज काढून घ्यायला सुरुवात केली आणि काम झाल्यावर कुंडलिकेत सोडून दिलं. तिथून कोलाडच्या राफ्टिंगवाल्यांना भिजवत, रोह्यावरून ते पाणी रेवदंड्याच्या खाडीला लागतं. सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तरी गावं बुडाली आणि वीज मुंबईला गेली. सांगायचा मुद्दा, या तालुक्यातून समुद्राकडे पुष्कळ काही गेलेलं आहे. समुद्र उलटा वर आणायचा उद्योग करणारे गृहस्थ मात्र आमच्या बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात.

सोसायटीत त्यांना दर्यासारंग म्हणतात. त्यांना पोहता येत नाही. बोटीत बसलं की मळमळतं, म्हणून मांडव्याला जायचं तरी ते पनवेलवरून गाडीनं जातात. पण घरात चार फुटी, ४०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तिच्यात प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी आणि मोजके मासे असा संसार आहे. ही जमात अगदी दुर्मीळ नाही. हिंजवडी, मारुंजी, बावधन, भूगाव, जिथे जिथे आयटीतला पगार आणि रिकामी तिसरी खोली एकत्र येतात, तिथे तिथे एखादा दर्यासारंग निपजतोच.

गोड्या पाण्याचे मासे पाळणारा माणूस माणसांत असतो. गप्पी, गोल्डफिश, फार तर एखादा फायटर. रविवारी पाणी बदललं की तो मोकळा. खाऱ्या पाण्याचा माणूस मोकळा कधीच नसतो. तुमच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारताना त्याच्या डोक्यात फक्त पाणी असतं. एक लिटर पाण्याला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे टाकी एकदा भरायची तर १४ किलो. हे मीठ वाण्याकडचं चालत नाही. ते परदेशातून बादलीतून येतं, आणि रिकाम्या बादल्यांत वहिनी इंद्रायणी तांदूळ भरतात. पाणी टँकरचं, तेही गाळण्यांच्या चार-पाच नळकांड्यांतून जाऊन अगदी शून्य टीडीएसचं झाल्यावर. या शुद्धीकरणात एका लिटरमागे तीन-चार लिटर वाया जातं, ते वहिनी फरशीला वापरतात. बी विंगमध्ये सगळ्यात स्वच्छ फरशी त्यांची आहे आणि पाण्याचं सगळ्यात मोठं बिलही.

त्यांच्या साताऱ्याच्या मेहुण्यानं एकदा सुचवलं, ‘‘सकाळी ताम्हिणीतून उतरलं की जेवायला दिवेआगर. येताना चार कॅन भरून आणा की.’’ त्यावर दर्यासारंगांनी पाऊण तास व्याख्यान दिलं. कोकणच्या किनाऱ्याचं पाणी गढूळ, पावसाळ्यात नद्या मिळाल्या की खारटपणा घसरलेला, त्यात कुठल्या खाडीतून काय आलं असेल देव जाणे. मेहुण्यानं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, ‘‘म्हणजे समुद्राचं पाणी समुद्रातल्या माशाला चालत नाही?’’

दर्यासारंग पहिल्यापासून असे नव्हते. नव्या टाकीत त्यांनीही सगळ्यांसारखा दुकानातून आणलेला मासा तासाभरात सोडला होता. पावडर ब्लू टँग. हिंदी महासागरातला, लक्षद्वीप-मालदीवच्या बाजूला सापडणारा, अंगानं आकाशी, तोंडानं काळा, पाठीवर पिवळी पट्टी. देखणा इतका की आणणाऱ्याला शंका घ्यायची लाज वाटावी. चौथ्या दिवशी त्याच्या अंगावर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके उमटले. दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, प्रवासाचा शीण आहे, लसूण घाला खाण्यात.’’ लसूण घातली. आठवड्यात ठिपके गेले. दर्यासारंगांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला.

इथेच क्रिप्टोकॅरिऑन नावाचा तो एकपेशीय प्राणी भल्याभल्यांना फसवतो. माशाच्या कातडीत शिरून तो तीन ते सात दिवस पोट भरून घेतो आणि मग आपण होऊन गळून पडतो. मासा बरा झाला असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पाहुणा जेवून उठलेला असतो. वाळूत, काचेवर, दगडावर कुठेही तो स्वतःभोवती कवच करून बसतो आणि आत एकाचे शेकडो होतात. कुणी चार दिवसांत बाहेर येतो, कुणी चार आठवडे काढतो. बाहेर आल्यावर दिवस-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतो, पण चार फुटांच्या टाकीत मासा सापडायला असा किती वेळ लागणार? दुसऱ्या फेरीत सगळ्यांच्याच अंगावर ठिपके आले. त्या पावसाळ्यात टाकीतला एकूण एक मासा गेला.

त्यावर उपाय एकच होता. टाकी मासळीवाचून उपाशी ठेवायची. किती दिवस? या पंथात ७६ धरतात. तेवढे दिवस दर्यासारंगांच्या दिवाणखान्यात दिवे, पंप, लाटा सगळं व्यवस्थित चालू होतं आणि आत एकही मासा नव्हता. आलेला माणूस काचेला नाक लावून विचारायचा, ‘‘मासे कुठायत?’’

‘‘नाहीत.’’

‘‘लपलेत का?’’

‘‘नाहीतच. मुद्दाम ठेवले नाहीत.’’

चांदणी चौकात पुढची गाडी दोन सेकंद हलली नाही तर हॉर्नवरून हात न काढणारा हा माणूस रिकाम्या टाकीसमोर रोज संध्याकाळी शांतपणे चहा पीत बसलेला मी पाहिला आहे. टाकीसमोरून ते उठले, ते विलगीकरणाचे प्रचारक होऊनच.

पुण्याला विलगीकरणाचं प्रेम कधीच नव्हतं. प्लेगच्या वेळी ते सक्तीनं राबवणाऱ्या रँडसाहेबाचं १८९७ साली गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालं, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. दर्यासारंगांनी ही जोखीम पत्करून पाहुण्यांच्या खोलीत दुसरी टाकी मांडली, नवा मासा मोठ्या टाकीत सोडण्याआधी सहा आठवडे कोंडायला. ही अगदी भुंडी. वाळू नाही, दगड नाही, प्रवाळ नाही. लपायला प्लंबरकडून आणलेले पीव्हीसीचे एल्बो आणि टी, एक स्पंजचा फिल्टर, एक हीटर. मोठ्या टाकीपासून लांब, कारण बुडबुड्यांतून उडणाऱ्या थेंबाबरोबरही रोग जातो अशी त्यांची श्रद्धा. दोन्ही टाक्यांची जाळी वेगळी, नळ्या वेगळ्या, फडकी वेगळी. विलगीकरणाचं फडकं लाल. कामाच्या मावशींनी एकदा लाल फडक्यानं मोठी काच पुसली, तेव्हा दर्यासारंग ज्या आवाजात ओरडले तो आवाज त्यांच्या मुलांनी दहावीच्या निकालालाही ऐकला नव्हता.

त्यामुळे झालं असं की सासूबाई साताऱ्याहून येतात तेव्हा हॉलमध्ये गादी घालून झोपतात, आणि आत पाहुण्यांच्या खोलीत एसी लावून दोन इंचांचा मासा झोपतो. सासूबाई सोशिक आहेत. त्यांनी फक्त एकदा चौकशी केली की जावईबापू त्या पाण्यात निळं काय घालतात. तांबं, असं उत्तर मिळाल्यावर त्यांचा चेहरा उजळला. ‘‘तांब्याचं पाणी? मग चांगलंच की. आम्हीही रात्री भरून ठेवतो.’’

त्या तांब्याचा जमाखर्च कडक असतो. कमी पडलं तर परजीवी हसतो, जास्त झालं तर मासा मरतो, आणि औषध लागू पडतं ते फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिलावळीला. कातडीत शिरलेल्याला आणि कवचात बसलेल्याला ते शिवत नाही. म्हणून महिनाभर पातळी राखायची. मोठ्या टाकीत हा प्रयोग करता येत नाही, कारण कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ तांब्यानं मरतात. तांबं न सोसणाऱ्या माशाला दुसरा उपाय: दर ७२ तासांच्या आत त्याचं बिऱ्हाड नव्या, कोरड्या करून घेतलेल्या टाकीत हलवायचं, असं चार वेळा. गळून पडलेला किडा कवचातून बाहेर येईपर्यंत भाडेकरू पत्ता बदलून मोकळा. या काळात दर्यासारंग ऑफिसात ‘घरी शिफ्टिंग आहे’ असं सांगून उशिरा जातात. ते खोटं बोलतात असं कुणाला म्हणता येणार नाही.

नवा मासा येतो त्या दिवसाचा सोहळा पाहण्यासारखा असतो. मुंबईच्या व्यापाऱ्यानं रात्रीच्या बसमध्ये थर्मोकोलचा खोका ठेवलेला असतो. दर्यासारंग पहाटे वाकडच्या पुलाखाली उभे. खोका मांडीवर घेऊन ते परत येतात आणि गाडी चालवायला मुलगा लागतो, कारण खड्डे कसे घ्यायचे हे मागून सांगायचं असतं. घरी पिशवी पाण्यावर तरंगत ठेवायची, तपमान जुळवायचं आणि मग मात्र घाई. रात्रभर बंद पिशवीत माशानं अमोनिया सोडलेला असतो, पण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आंबटलेलं असतं, म्हणून तो सौम्य रूपात दबून असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, आंबटपणा जातो आणि तोच अमोनिया विषारी होतो. थेंब थेंब पाणी घालत दोन तास बसणारा हौशी माणूस माशाला मायेनं मारतो, हे दर्यासारंगांचं आवडतं वाक्य. ते विलगीकरणाच्या टाकीचा खारटपणा आधीच पिशवीइतका कमी करून ठेवतात. व्यापारी कमी मिठात मासे ठेवतात, किडाही दबतो आणि मीठही वाचतं. मग रोज थोडं थोडं चढवत न्यायचं. खारटपणा उतरलेला माशाला सोसतो, एकदम चढलेला सोसत नाही.

मग बेत जेवणाचा. वहिनींचं घर शाकाहारी, चतुर्थीला कांदाही वर्ज्य. त्यांच्या फ्रीजरमध्ये मोदकांच्या डब्याशेजारी गोठवलेल्या मायसिस कोळंबीची पाकिटं असतात, वर वर्तमानपत्र गुंडाळून. मासा दोन दिवस खाल्ला नाही तर दर्यासारंगही नीट जेवत नाहीत. ‘‘मला बघायला आला होता तेव्हा पोहे खाऊन अर्ध्या तासात हो म्हणाला,’’ वहिनी सांगतात. ‘‘ना रक्तगट विचारला ना पत्रिका. माशाला सहा आठवडे.’’

क्लाउनफिशची जोडी आली तेव्हा वहिनींनी पहिल्यांदा या प्रकरणात रस घेतला. हे मासे जन्मतः सगळे नर. दोन सोबत ठेवले की जो मोठा आणि दांडगा तो मादी होतो आणि धाकटा जन्मभर तिच्या धाकात राहतो. वहिनींनी हे दोनदा समजावून घेतलं. ही जोडी हॅचरीतली होती. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे बसवून आता बरीच वर्षं झाली. म्हणजे मासा समुद्र न पाहिलेला, पाणी टँकरचं, मीठ विमानानं आलेलं आणि मालक बोटीला घाबरणारा. तरी दर्यासारंगांनी त्यांनाही पूर्ण सहा आठवडे कोंडलं. व्यापारी म्हणाला होता, ‘‘साहेब, दुकानात पंधरा दिवस ठेवलेत, मस्त खातायत.’’ त्यावर हे म्हणाले, ‘‘म्हणजे पंधरा दिवस सगळ्यांच्या संगतीत.’’

कायद्याच्या बाबतीतही ते असेच. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला जाऊन बसले. त्यामुळे यांच्याकडे मऊ प्रवाळच. हे ते न विचारता सांगतात, पाहुणा चप्पल काढत असतानाच.

बाहेरच्या जगाशी त्यांचं वैर पावसाळ्यात वाढतं. ग्रामपंचायतीची धुराची गाडी डासांसाठी फिरते, आणि डासाला मारणारं ते औषध कोळंबीला आणि माशालाही मारतं. गाडीची घरघर पौड रस्त्याच्या वळणावर ऐकू आली की दर्यासारंग अर्धवट दाढीनं खिडक्या लावत धावतात. गणपतीत आरती त्यांच्याकडे बाल्कनीत होते, कापूर बाहेर. वीज गेली तर विचारूच नका. भिऱ्याची वीज मुंबईला झगमगवते, आणि इथे धरणाच्या तालुक्यात हे गृहस्थ बॅटरीवरचा हवेचा पंप हातात धरून अंधारात उभे.

आमचे वॉचमन आबा मूळचे धरणाकाठच्या गावचे. मरळ, वाम, चिलापी त्यांच्या अंगणातली. त्यांनी एकदा ती भुंडी टाकी पाहिली.

‘‘साहेब, ह्यो आजारी हाय का?’’

‘‘नाही आबा. ठणठणीत आहे.’’

‘‘मग दवाखान्यात का घातलाय?’’

‘‘ठणठणीत दिसतो म्हणूनच.’’

आबांनी खाली येऊन मला सांगितलं की साहेबांना ऑफिसात लई ताण असावा.

गेल्या आठवड्यात मुंबईहून फोन आला. पावडर ब्लू टँग आला आहे, तसाच, तळहाताएवढा, खातोय. पहिल्या संहारानंतर दर्यासारंगांनी या माशाचं नाव घरात काढलं नव्हतं. आता त्यांचा आवाज बारीक झाला. अडचण एकच, विलगीकरणाच्या टाकीत रॉयल ग्रामा अजून तीन आठवडे आहे, आणि एक आलेला असताना दुसरा आत घातला तर पहिल्याची शिक्षा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायची. वहिनींनी बेडरूमला साफ नकार दिला. सासूबाई हॉलमध्ये आहेतच.

काल संध्याकाळी ते आमच्याकडे आले होते. सहज आलो म्हणाले. चहा घेतला, माझ्या मुलाच्या परीक्षेची चौकशी केली, जी त्यांनी याआधी कधीच केली नव्हती. मग विचारलं, तुमचं ते मागचं बाथरूम कुणी वापरतं का. बोलता बोलता खिशातून टेप काढून त्यांनी कमोड आणि भिंतीमधलं अंतर मोजलं, प्लगपॉइंट चालू आहे का ते मोबाइलचा चार्जर लावून पाहिलं, आणि जाताना दारातून आमच्या बायकोला सांगून गेले की पुढचे दीड महिने तिथे फिनेल वापरू नका.