बापूंची गाडी आणि चौघींचं पेट्रोल

अहो वहिनी, ते कपडे राहू द्या घडीभर, इकडे या. ऐकलंत का? पलीकडच्या बापूंची गाडी बुक झाली. हो, झाली एकदाची! बैठका किती झाल्या म्हणता, लग्न ठरवायला होत नाहीत एवढ्या. आणि तुमच्या जाऊबाई त्यात कशा आल्या तेही सांगते, पण पहिल्यापासून ऐका, नाहीतर मजा नाही.

बापूंचं तर तुम्हाला ठाऊकच आहे, गाडी म्हणजे डिझेल. बेल्याला शेतावर जायचं, कापसाच्या दिवसांत मार्केट यार्डाच्या खेपा... मारुतीनं डिझेल 2020 लाच बंद केलं हे पोरानं कितीदा सांगितलं, पण ऐकतील तर बापू कसले. दुसऱ्या कंपन्यांची मिळते म्हणा अजून, क्रेटा आहे, महिंद्राची आहे. तेच घेऊन मोकळे झाले असते, पण दिवाळीला पुण्याचे जावई आले ना! आले ते हायब्रिड, हायब्रिड करतच आले. ग्रँड व्हिटारा नाहीतर टोयोटाची हायरायडर, तिसरं नाव काढायचं नाही. आणि गंमत सांगू? दोन्ही एकच गाडी हो. कर्नाटकात बिडदीला टोयोटाच्याच कारखान्यात बनतात दोन्ही, नाव नि तोंडवळा तेवढा वेगळा. बापूंच्या घरच्या म्हणाल्या, "मग भांडता काहून? जुळ्यातली कोणतीबी आणा."

तेवढ्यात कोपऱ्यावरचे वकीलसाहेब टपकले. चहाच्या वासानं येतात मेले. बसल्या बसल्या सांगायला लागले, "आमची ब्रेझा हायब्रिडच आहे, दोन वर्षं झाली, काही विशेष नाही." सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. तुम्हाला तिचा आवाज माहीत आहे, हळूच बोलते पण... म्हणाली, "काका, इंजिन बंद ठेवून ती गल्लीच्या टोकापर्यंत तरी जाते का हो?" वकीलसाहेब गप्प. मग तिनंच समजावलं, की त्यांची ती माइल्ड. बॅटरी इंजिनाला जरासा हात देते, एकटीनं चाक फिरवत नाही. स्ट्राँगवाली असते ती हळू वेगात नुसत्या मोटरवर चालते, ब्रेक मारला की वाया जाणारा जोर बॅटरीत परत भरते, आणि गरज लागली की इंजिन आपोआप जागं होतं. प्लगला लावायची भानगडच नाही. वकीलसाहेबांनी अर्धा चहा तसाच ठेवला हो. अर्धा चहा! त्यांनी!

तर काय सांगत होते... हां, टेस्ट ड्राइव्ह. बापू स्वतः बसले स्टेअरिंगवर. बटण दाबलं. आवाज नाही, थरथर नाही, समोर नुसतं 'रेडी' असं हिरवं उमटलं. बापूंनी परत दाबलं. ते विझलं. परत दाबलं, परत उमटलं. तो शोरूमचा पोरगा बाजूला बसून हसू दाबतोय. शेवटी बापू म्हणाले, "काहून बाप्पा, बॅटरी बसली काय?" पोरगा म्हणाला, "सार, सुरूच आहे, गिअर डी वर टाका नि ब्रेक सोडा." सोडला तर गाडी आपली सरकायला लागली, चोरपावलांनी. बापूंचा चेहरा असा झाला म्हणे, की मागे बसलेल्या घरच्यांनी तोंडाला पदर लावला. घरी आल्यावर तासभर कुणाशी बोलले नाहीत. सगळ्यांना वाटलं, संपलं, आता डिझेलच.

पण खरी मजा रात्री. जावयांनी मायलेज काढलं. कंपनी सांगते स्ट्राँगची लिटरला 27.97, आणि माइल्डची ऑटोमॅटिक 20.58. झाला की नाही फायदा? शिवाय म्हणे सरकार सवलत देतं. सून म्हणाली, "भाऊजी, ती उत्तर प्रदेशात. 2024 च्या जुलैत त्यांनी स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. आपल्या तेलंगणात रोड टॅक्स माफ आहे तो पूर्ण इलेक्ट्रिकला. आणि 2025 च्या सप्टेंबरात जीएसटी उतरला तो चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना, 18 टक्के. या लांब गाड्या 40 मध्येच." जावई पाणी प्यायले.

मग तिनं एक जुनी लग्नपत्रिका घेतली, उलटी केली आणि मांडला हिशेब. नवी गाडी रोज नेणार तीच ना! तिची शाळा उटनूरला, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, म्हणजे वर्षाला चोवीस हजार धरा. पेट्रोल वाचतं तीनशे आठ लिटर. एकशेआठ रुपये भाव धरला (पैनगंगा ओलांडली की स्वस्त मिळतं, पण रोज का कुणी पांढरकवड्याला जाणार आहे?) तर तेहतीस हजार. आणि स्ट्राँगसाठी वरचे मोजायचे किती, अडीच-पावणेतीन लाख! आठ वर्षं जातात फिटायला. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं खरी, पण नाहीतर एक लाख साठ हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. चोवीस हजारांनी सातव्या वर्षीच संपली की! आणि हायवेला या गाड्यांचा फायदा गावातल्यापेक्षा कमीच. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ठीक आहे, आपला रस्ता गुडिहत्नूरपर्यंत मोकळा चव्वेचाळीस नंबरचा हायवे. जावयांचा चेहरा... अहो, मी तिथं नव्हते, पण मला दिसतोय.

आता ऐका, इथं तुमच्या जाऊबाई येतात. त्या चौघी बाया मिळूनच जातात ना सुनेच्या गाडीत? पेट्रोल चौघींत, आता दीडशे-दीडशे पडतात रोजचे. सून म्हणाली, "हप्ता माझा एकटीचा, आणि वाचलेलं पेट्रोल चौघींचं. तेहतीस हजारांतले माझ्या वाट्याला आठ. म्हणजे गाडीचे पैसे फिटणार मी रिटायर झाल्यावर!" घरात टाचणी पडली असती तरी... बापूसुद्धा वळून बघायला लागले. हिशेब ठेवावा तर अश्शा बाईनं. मला तर तिचं कौतुकच वाटलं, कुणी काही म्हणो.

दुसऱ्या दिवशी तिनं गाडीत विषय काढला. नवी गाडी आली तरी आपण दीडशेच ठेवू या का? एक काही बोलली नाही. दुसरी खिडकीबाहेर बघत बसली, इंद्रवेल्ली येईपर्यंत. आणि तुमच्या जाऊबाई, रागावू नका हं, त्या फटकन म्हणाल्या, "मग आम्ही बसनं जाऊ. आधार दाखवलं की झिरो तिकीट." आता खरंच आहे हो ते, डिसेंबर 2023 पासून बायकांना पल्लेवेलुगू नि एक्सप्रेस फुकटच आहे. फक्त ती बस शाळेच्या वेळेला असती तर या चौघी गाडीत बसल्या असत्या का? पण बोलायला काय जातं. सून उतरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. शेवटी सव्वाशेवर तुटलं म्हणतात. जाऊबाई काय सांगतात तुम्हाला? नसतीलच सांगत.

मग म्हणाल हायब्रिड बुक कशी झाली? अहो, हिशेबानं नाहीच झाली! झाली यार्डामुळे. बापू गेले जावयांसोबत, परत एकदा चालवायला म्हणून, आणि तशीच घातली कापसाच्या मार्केटकडे. बाहेर ही रांग, ट्रॅक्टर, बोलेरो, ऊन. एरवी एसी लावावा तर इंजिन धडधडतं, बंद करावं तर घामाच्या धारा. आणि ही गाडी उभी, बहुतेक वेळ इंजिन बंद नि आत गार वारा. तिचा एसीच बॅटरीवर चालतो ना. इंजिन घडीभर लागायचं, परत गप्प. बापू पाऊण तास बसले म्हणे शांतपणे, कापसाचा ओलावा किती निघाला तेसुद्धा विचारायला उतरले नाहीत. घरी येऊन म्हणाले, "घ्या हीच." पोरगा म्हणाला, "बापू, 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव 8,110. ते वरचे अडीच लाख म्हणजे तीसेक क्विंटल कापूस होतो." बापू म्हणाले, "कापूस माया हाय." संपलं. जावई आता पुण्याला सगळ्यांना सांगत असतील, मीच पटवलं म्हणून. सांगू देत बिचारे.

आणि दोन्हीतली कोणती, हे विचारलंच नाहीत तुम्ही! टोयोटाची. सर्व्हिस, रंग, किंमत, काही नाही हो. बापूंच्या घरच्या म्हणाल्या, मारुती तर वकिलांकडे आहेच.