रा. रा. सरासरी युनिट यांस

सा. न. वि. वि.

आम्ही जुईनगरचे वीजग्राहक. आपला मुक्काम आमच्या बिलात, ‘एकूण वापर’ या रकान्यात. रिडिंग घेणारा येत नाही तेव्हा आपण येता. जिन्याखालच्या पेटीसमोर आडव्या लावलेल्या स्कूटर आपल्याला हटवाव्या लागत नाहीत, मीटर तर बघावंच लागत नाही. मे महिन्यात घराला कुलूप ठोकून माणसं गावी गेली, की त्यांच्या वाटचे पंखे आपणच फिरवता. आभारी आहोत.

पण आपलं खरं कर्तृत्व 2020 चं. टाळेबंदीत 23 मार्चपासून महावितरणने रिडिंग थांबवलं आणि कारभार आपल्या हाती आला. घरोघर सगळं कुटुंब कोंडलेलं, पंख्यांना उसंत नाही, आणि आपण एप्रिल-मेच्या बिलांत डिसेंबर ते फेब्रुवारीची थंडी भरलीत. जूनमध्ये खरं रिडिंग झालं, तेव्हा साचलेला हिशेब एकदम अंगावर आला. त्यातच 1 एप्रिलपासूनचे नवे दर.

हिशेबी मंडळींनी धसका घेतला तो स्लॅबचा. महिन्याला 90 युनिट जाळणारा पहिल्या 100 युनिटांच्या स्वस्त दरातच राहतो. तिन्ही महिन्यांचे 270 युनिट एकाच महिन्याचे धरले, तर त्यातले 170 वरच्या दरात जातात. महिन्यांनी भागूनच स्लॅब लावलाय, असा खुलासा झाला. भागाकार बरोबर असेलही. पण तो चारचौघांना कळेल असा बिलावरच छापायला कितीशी शाई लागली असती? तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी दिवाळीच्या तोंडावर दिलाशाची आशा दाखवली आणि नोव्हेंबरात, वापरलेल्या विजेचे पैसे भरावेच लागतील, असं सांगून ते मोकळे झाले. आपलं नाव कुणी घेतलं नाही. चौकशी होते ती माणसांची.

कायदा मात्र आपल्याला मोकाट सोडत नाही. मीटर बंद पडलं तर मागच्या 12 महिन्यांच्या सरासरीने बिल लावता येतं, तेही जास्तीत जास्त 3 महिन्यांचं. वीज कायदा 2003 चं कलम 56 सांगतं, की थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस हवी. आणि बिलच मान्य नसेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या 6 महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरायची. वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणजे इथे चक्क आपण आमच्या बाजूने! ‘आधी भरा, मग बघू’ म्हणणाऱ्या खिडकीवर ही ओळख आपण कधीच दाखवली नाहीत.

तेव्हा ग्राहक तक्रार निवारण मंचापुढे आमच्यातर्फे साक्षीला यावं. तिथे नाहीच जमलं, तर विद्युत लोकपालांकडे. येताना मागची बिलं आणावीत. आमच्याकडची उन्हाने पुसट झालीत.

कळावे,
आपला,
बारा आकडी ग्राहक क्रमांक
(नाव आपण कधी विचारलं नाहीत.)