जमना आत आहे!

१९२८च्या बारडोली सत्याग्रहात खरी कैद भोगली ती म्हशींनी, असं माझं ठाम मत आहे. मुंबई सरकारनं शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला, शेतकऱ्यांनी तो भरायला साफ नकार दिला, आणि जप्तीवाले पठाणांना घेऊन म्हशींच्या मागे लागले. जप्तीवाले आल्याचा ढोल वाजला की गावं दारं लावून घेत. आत माणसं, पोरंबाळं, चूल आणि म्हैस. उन्हावाचून म्हशींची कातडी फिकी पडली, तेव्हा लढ्याचे पुढारी वल्लभभाई यांनी त्यांना गोऱ्या मडमा म्हणून थट्टाही केली. ऑगस्टमध्ये तडजोड झाली, पुढे चौकशीनंतर वाढ सहा टक्क्यांच्या आसपास उतरली. वल्लभभाई सरदार झाले, म्हशी डुंबायला गेल्या.

बदली होऊन बारडोलीला आल्यावर हे सगळं वाचलं आणि माझ्यातला इतिहाससंशोधक जागा झाला. (तो जेवण जास्त झालं की जागा होतो.) आमच्या घरमालकीण, साऱ्या फळियाच्या, म्हणजे आळीच्या, बा, यांची जमना ही अस्सल सुरती म्हैस. विळ्याच्या वळणाची शिंगं, गळ्याखाली दोन पांढरे पट्टे, आणि नजर अशी, की साहेबानं रजेचा अर्ज वाचावा.

बा देवळात गेल्याचं पाहून मी जमनेला मागच्या कोठारात घेतलं आणि आतून कडी लावली. सत्याग्रहींचा अनुभव स्वतः घेऊन लेख लिहायचा होता. आधी अंधार जाणवला, मग डास. मग जमना ऐसपैस मुतली आणि तो ओघळ माझ्या चपलांच्या दिशेनं निघाला. चपला उचलायला वाकलो तेवढ्यात तिनं जीभ लांब करून काखेतली वही ओढली आणि साऱ्या टिपणांचा शांतपणे रवंथ सुरू केला. बाहेर पडावं म्हटलं, तर कडी गंजून अडकलेली.

मी घसा बसेपर्यंत ओरडलो. कुणी फिरकलं नाही. जमना एकदाच रेकली आणि अख्खं फळियं धावून आलं.

"अरे, जमना अंदर छे! बारी खोलो!"

"साहेब पण आहेत आत," एक पोरगं म्हणालं. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. खिडकीच्या गजांतून बादली शिरेना, म्हणून तांब्यामागून तांब्या आत आला. तो जमनेला पाजण्याचं काम माझं. बाहेरून एक काकी पंख्यानं वारा घालत होत्या, तोही नेम धरून तिच्याकडेच. शेवटी सुतारानं बिजागऱ्याच काढल्या.

बांनी आधी जमनेचे कान चाचपले, ताप आहे का पाहायला. मग मानेवरून हात फिरवत तिच्याशी बराच वेळ काहीतरी बोलल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तमे तो बहु भणेला, ने भाई?"

त्या संध्याकाळी जमनेनं पान्हा चोरला. जेवढं दूध कमी भरलं, तेवढं बांनी माझ्या रतिबातून वळतं करून घेतलं. सुताराची मजुरी वेगळी.