एका घोडीची पागा

घरी घोडी आहे म्हटलं की लोक तीनच प्रश्न विचारतात. केवढ्याला घेतली, किती पळते आणि लग्नाला देता का. लीद कुठं टाकता, असं आजवर एकानंही विचारलेलं नाही. वास्तविक घोडी पाळणं म्हणजे काय, ते सगळं या न विचारलेल्या प्रश्नात आहे. साडेतीनशे किलोची घोडी दिवसाकाठी पंधरा किलो तरी लीद टाकते. पळायचं काम अर्धा तास. हे काम अष्टौप्रहर, रविवार-दिवाळी न बघता.

घोडी काकांची. काकांनी जन्मभर एसटी चालवली आणि निवृत्त झाल्यावर त्यांना क्लच नसलेलं काहीतरी चालवायची हुक्की आली. लोक अशा वयात काशीला जातात, काका माळेगावला गेले. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातलं माळेगाव, खंडोबाचं ठाणं. मार्गशीर्षात तिथं जत्रा भरते आणि घोडे, गाढवं, उंट असा सगळा चतुष्पाद समाज विक्रीला येतो. घोडेवाल्यानं ही घोडी पंचकल्याणी म्हणून पुढं केली. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा, असली म्हणजे पंचकल्याणी. काकांनी मोजलं तर पाय तीनच पांढरे. "चौथा मळलाय," घोडेवाला म्हणाला, "घरी नेऊन धुवा." काकांनी ओठ वर करून दात पाहिले. पुढचे दात सगळे पक्के आले होते, म्हणजे पाच वर्षं भरली होती. रुमालाखाली बोटं दाबली गेली, भाव ठरला. पडेगावला घरी आणून चौथा पाय साबण लावून धुतला, तर तो आणखी काळा निघाला. तेव्हापासून आमच्या घरात चार कल्याणं नांदतात. पाचव्याची वाट कुणी बघत नाही. नाव ठेवलं सगुणा. अंगानं ठेंगणी, काटक, भीमथडीच्या वळणाची. ज्या तट्टांवर बसून मराठे कुठल्या कुठं गेले, त्यांची ही लांबची नात आहे असं काका पाहुण्यांना सांगतात. पाहुणे विचारतात, "केवढ्याला घेतली?"

मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार आपला घोडा घेऊन यायचा आणि बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. आमच्यात काका शिलेदार, मी बारगीर. सभासदाच्या बखरीत शिवरायांच्या पागेची बेरीज-वजाबाकी दिलेली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. आमच्याकडे हे त्रैराशिक उलटं बसलंय. एका घोडीमागे एक शिलेदार, एक बारगीर आणि दोघांवर हवालदार म्हणून काकू. पखालजीचं पद रिकामं होतं, ते न विचारता मला मिळालं.

पाणी भरणं हे हलकं काम आहे असं ज्याला वाटतं, त्यानं एक उन्हाळा संभाजीनगरात काढावा. जायकवाडीचं धरण पन्नासेक किलोमीटरवर, पण नळ आठवड्यानं भेटायला येणार. मध्ये टँकर. अशा गावात घोडी दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पिते, आणि तेही निवळ हवं. बादलीच्या कडेला जरा बुळबुळीतपणा आला की सगुणा नाक खाली नेते, वास घेते, आणि मग बादलीकडे नव्हे तर माझ्याकडे बघते. मलिक अंबरानं 1610 मध्ये खडकी वसवली, तेच आपलं आजचं शहर. त्याची सगळी भिस्त चपळ घोडदळावर होती, त्यात मराठे बारगीर भरपूर. आणि त्यानंच नहर बांधून डोंगराकडचं पाणी गावात खेळवलं. इतिहासकार याला दूरदृष्टी म्हणतात. माझा कयास असा की हजारो घोडी रोज संध्याकाळी बादलीचा वास घेऊन त्याच्याकडे बघत असणार. माणूस नहर बांधेल नाहीतर काय करील!

चंदीचा कारभार काकूकडे. भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा, चवीपुरतं नव्हे तर मोजून मीठ, आणि बाकी दिवसभर कडब्याची कुट्टी नि थोडा लसूणघास. हे सगळं थोडं थोडं, तीन-चार वेळा विभागून. कारण घोड्याचं पोट त्याच्या अंगाच्या मानानं लहान आणि घोड्याला उलटी करता येत नाही. आत गेलेल्या मालाला परतीची वाट नाही. खाणं एकदम बदललं किंवा जास्त झालं तर पोटशूळ उठतो आणि तो जिवावर बेततो. हे एकदा ऐकल्यापासून काकू तराजू घेऊन बसते. पोळ्याच्या दिवशी शेजारच्या आजी ताटभर पुरणपोळ्या घेऊन आल्या. बैलांचा सण खरा, पण मुक्या जिवात दुजाभाव नको, असं त्यांचं म्हणणं. म्हातारीचं मन मोडवेना आणि घोडीचं पोट बिघडू द्यायचं नाही, म्हणून काकांनी त्या सगुणाच्या वतीनं खाल्ल्या. सगळ्या. संध्याकाळी पोटशूळ काकांना उठला.

काकूचं दैवत म्हणजे शिवरायांचं एक पत्र. चिपळूणकडे छावणी करून राहिलेल्या लष्कराला लिहिलेलं. त्यात तलवारीचा खणखणाट नाही. दाणा आहे, वैरण आहे आणि उंदीर आहे. आताच हवा तसा दाणा उधळलात तर ऐन पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ते पाप तुमचं, असं महाराज बजावतात. रयतेवर जुलूम करू नका, लागेल ते बाजारातून विकत घ्या म्हणतात. आणि रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवील आणि गवताच्या गंजी जळून जातील, हेही सांगतात. स्वराज्य उभं करणारा राजा उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करतो, हे वाचून काकूला भरून आलं. दुसऱ्या दिवसापासून कडब्याच्या खोलीच्या आसपास उदबत्तीलाही बंदी झाली. नालबंद आपली विडी फाटकाबाहेर विझवून येतो आणि ती खरंच विझली का, हे बघायला काकू फाटकापर्यंत जाते.

आता शिक्षण. लोकांची कल्पना अशी की घोडी शिकवायची म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवायची, चाबूक हवेत वाजवायचा, मधूनमधून "हैऽऽ" करायचं. बघायला येणाऱ्यांची आमच्याकडे निराशा होते. सकाळी खरारा होतो, खूर उचलून आतली माती-खडे काढून होतात, आणि काका म्हणतात, "झाली शाळा." मला आधी वाटलं, ही शाळेपूर्वीची झाडलोट असेल. नंतर लक्षात आलं की अभ्यासक्रम एवढाच आहे. सांभाळायची वेळ निराळी आणि शिकवायची निराळी, असं घोड्याच्या बाबतीत नसतंच. आपण समोर आलो की तास सुरू, मग आपल्याला तो घ्यायचा असो वा नसो.

खूर उचलायचा तास मी जवळून पाहिला आहे. घोडीच्या डाव्या खांद्याशी उभं राहायचं, आपलं तोंड तिच्या शेपटीकडे. हात खांद्यावरून घसरत गुडघ्याला, तिथून खाली. गुडघ्याखाली मागच्या बाजूला ताठ शीर लागते, ती चिमटीत हलकेच दाबायची. पहिल्या दिवसांत सगुणा नेमका त्याच पायावर सगळा भार टाकायची आणि भिंतीवरच्या पालीकडे बघत राहायची. काकाही चिमूट न सोडता पालीकडे बघायचे. बऱ्याच वेळानं भार सरकायचा, खूर बोटभर सुटायचा, आणि तेवढ्यात काका हात काढून घ्यायचे.

"अहो काका, आत्ता कुठं उचलला होता, धरायचा ना!"

"धरला असता तर ओढाताण झाली असती. सोडला म्हणून तिला समजलं की मागत होतो ते हेच."

घोडा दाबल्यानं शिकत नाही, दाब कधी थांबला त्यावरून शिकतो. लगामाचंही तसंच. ती थांबली की हात त्याच क्षणी सैल. दोन-चार सेकंद उशीर झाला तर सैल लगाम कशाबद्दल मिळाला हे तिला कळत नाही, आणि वेळ चुकवून दिलेलं बक्षीस तिच्या हिशेबी जमा होत नाही. आपल्या शाळांत बरोबर उत्तर आलं की लगेच त्याहून अवघड प्रश्न येतो. मी दहावीपर्यंत फळ्याकडे का बघत होतो, याचा उलगडा मला तबेल्यात झाला.

खूर महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, म्हणून पाच-सहा आठवड्यांनी नालबंद येतो. मोटारसायकलवर येतो, डिकीत कानस, हातोडी, चिमटा आणि नाल. बाहेरच्या जाड भागात खिळा ठोकला तर घोड्याला दुखत नाही, आत गेला तर महिनाभर लंगडेपणा, त्यामुळे या माणसाच्या हाताला फार मान. पहिल्यांदा आला तेव्हा घोडी धरायला सोबत दोन पोरं घेऊन आला होता. सगुणानं आपण होऊन पाय दिला. पोरं उगाच उभी राहिली. "हौ काका," नालबंद म्हणाला, "ये तो पढी-लिखी निकली!" काकांच्या चेहऱ्यावर पोर बोर्डात आल्याचं तेज होतं.

मात्र भित्रेपणाला औषध नाही. दौलताबाद रस्त्यावरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या गाणी लावून जातात, सगुणा कान हलवत नाही. पण बाभळीला पांढरी प्लास्टिकची पिशवी अडकलेली दिसली की तिच्या मते प्रलय जवळ आलेला असतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते अगदी मागचं आणि अगदी कपाळासमोरचं. म्हणून पागेचा पहिला नियम, मागून येताना बोलत या. हा नियम आता घरातही शिरला आहे. काका स्वयंपाकघरात जाताना लांबूनच "आलो गं" म्हणतात. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस येण्याआधी वर्दी द्यायला लागला, याचं श्रेय काकू सगुणाला देते.

अशात आतेभावाचं लग्न ठरलं. वाळूजला इंजिनिअर आहे, गाडी आहे, दाढी आखलेली आहे. आपल्याकडे नवरदेवाचा परण्या घोड्यावरून मारुतीला जातो. भाड्याची घोडी गावात मिळते, पण त्याला सगुणा हवी होती. शिवाय दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी घोड्यावरचे फोटो. काका हो म्हणाले आणि एक अट घातली. लग्नापर्यंत रोज सकाळी यायचं, खरारा करायचा, खूर उचलायचे, लीद काढायची. आत्या म्हणाली, "दादा, पोराला हळद लावायची आहे रे!" काका म्हणाले, "लाव की. आधी हे लागू दे."

पहिल्या दिवशी तो पांढरे बूट घालून आला. नंतर ते बूट कुणी पाहिले नाहीत. सगुणानं पालीकडे बघायचा जुना खेळ त्याच्याशी नव्यानं मांडला. त्यानं दोन्ही हातांनी पाय ओढला, घोडीनं आपलं निम्मं वजन त्याच्या खांद्यावर ठेवलं. "काका, हिचं सेटिंग कुठं असतं?" त्यानं घुसमटत विचारलं. "तुझ्या हातात," काका म्हणाले आणि चहा प्यायला गेले. दुसरीकडे डीजेचा सरावही सुरू झाला. चंदीच्या वेळी छोटा स्पीकर, आधी फाटकापाशी अगदी बारीक आवाजात, मग रोज थोडा जवळ, थोडा मोठा. ती कान मागं टाकून थांबली की आवाज कमी, हरभऱ्यात परत तोंड घातलं की गाणं पुढं. महिन्याच्या शेवटी सगुणा ढोलाच्या ठेक्यावर निवांत चघळत होती. काकूला मात्र ती सगळी गाणी तोंडपाठ झाली आणि ती देवपूजेच्या वेळी ओठांवर यायला लागली.

परण्याच्या दिवशी डीजेची गाडी पुढं, मागं फेटे, मधे सगुणा. मारुतीच्या अलीकडे पोरांनी फटाक्यांची लड लावली. घोडी थबकली, कान ताठ झाले. वऱ्हाडातले दहा जण "ओढ, ओढ, लगाम ओढ!" म्हणून ओरडले. नवरदेवानं हात सैल सोडला आणि मंडपातल्या झालरीकडे बघत बसला. लड संपली, सगुणानं एक मोठा फुरफुराट केला आणि चालू लागली. शिट्ट्या वाजल्या. घोडीचं कौतुक झालं. तिच्या पाठीवरच्या गड्याचं कुणी केलं नाही, ते काकांनी मनातल्या मनात केलं.

पंगतीत नवरीची आजी काकांच्या शेजारी बसली होती. पैठणहून आलेली, कानानं जरा मंद, पण चौकशीला पक्की.

"नोकरीचं कळलं हो. पोरगा घरात काय करतो?"

"लीद काढतो," काका मोठ्यानं म्हणाले. पंगतीतले चार घास थांबले. "सांगावं लागत नाही. आणि धरलेलं कधी सोडायचं ते त्याला कळतं."

आजींनी जिलबी बाजूला ठेवून विचार केला. "मग आमची धाकटी नात व्हायची आहे अजून. तुमच्या पागेत आणखी कुणी आहे का?"

काकांनी, वाढपी म्हणून मठ्ठ्याची बादली घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"एक बारगीर आहे," ते म्हणाले, "पण तो अजून ओढतो फार."